नुसता कंटाळा

ज्यांचे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि तरीही ज्यांना जिना चढवत नाही, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. हात प्लास्टरमध्ये असला तर निदान कोणी 'नाटकं करतेस' असं म्हणत नाही. माझा आजार बाहेरून दिसत नाही. गाल भरलेले, वजन होतं तेवढंच, आणि जीभ तर माझी पहिल्यापासून तिखट. अशा बाईला आजारी म्हणणार कोण?

मी बदलापूरला बेलवलीत राहते. घरात आम्ही चौघं. मी, प्राजूचे बाबा, कॉलेजात जाणारी आमची प्राजू आणि माझ्या सासूबाई. हे अंबरनाथला केमिकलच्या कारखान्यात ऑपरेटर आहेत. मी उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, लग्नाच्या कपड्यांच्या दुकानात कामाला होते. शालू, घागरे, शेरवान्या, असा सगळा नवरा-नवरीचा माल. आईशी भांडत भांडत एखादी नवरी दुकानात शिरली की आमचे सिंधी शेठ डोळ्याने मला खूण करायचे. अर्ध्या तासात दोघींना एकाच घागऱ्यावर राजी करायचं, हे माझं कसब.

दुकानाचा एक नियम होता. गिऱ्हाईक समोर असताना सेल्सवालीने बसायचं नाही. आणि लग्नसराईत गिऱ्हाईक कधी समोर नसतं? कित्येक वर्षं मी तशी उभी राहिले आणि कधी तक्रार केली नाही, कारण पायांना सवय झाली होती.

*

सुरुवात कशी झाली ते नेमकं सांगता येत नाही. दिवाळी झाली, लग्नसराई लागली, आणि मी सकाळी उठायची ती कालचं सगळं काम पुन्हा करून आल्यासारखी. दात घासताना बेसिनला धरावं लागायचं. मांडणीवरून घागरा खाली घेताना तो आत पाणी भरल्यासारखा जड लागायचा. मधूनच छातीत काहीतरी व्हायचं. पिशवीत जिवंत मासा टाकल्यावर पिशवी हलते ना, तसं. थोड्या वेळाने ते थांबायचं आणि मग नुसती मरगळ उरायची. अशी मरगळ की डोक्यावर पंखा लावायचा असला तरी 'प्राजू आली की लावेल' म्हणून मी घामात बसून राहायची.

घरी सांगितलं. ह्यांनी 'गॅस असेल' म्हणून ओवा दिला. सासूबाईंनी लिंबाचं सरबत दिलं. दोन्ही निमूटपणे घेतलं, काही फरक पडला नाही.

शेवटी हे मला दुकानाच्या मागच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. वयस्कर माणूस, दवाखाना जुना, हाताला गुण आहे अशी ख्याती. त्यांना मराठी समजायची, पण बोलायचं सगळं हिंदीत. आणि इथे माझा शब्द चुकला.

माझं माहेर बदलापूरच्या पलीकडचं, बारवीच्या बाजूचं गाव, आणि सासरही त्याच गावातलं. आमच्याकडे बाई लावणी करून घरी आली की ओटीवर टेकते आणि म्हणते, 'कंटाळले गं बाय.' तिला शेताचा वीट आलेला नसतो. तिच्या अंगात जीव उरलेला नसतो. 'थकवा' हा शब्द आम्ही पेपरात वाचला, बोललो कधी नाही. म्हणून मी डॉक्टरांना माझ्या हिंदीत सांगितलं, "डॉक्टरसाब, बहुत कंटाला आता है. सुबह उठते ही कंटाला."

त्यांनी विचारलं, "काम में मन नहीं लगता?"

मी हो म्हटलं. उभं राहवत नाही तर मन कुठून लागणार?

उल्हासनगरच्या हिंदीत कंटाळा म्हणजे बोअर होणं, आळस येणं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. दुकानात दिवसभर तीच हिंदी कानावर पडायची. पण दुखणं सांगताना माणसाच्या तोंडात माहेरचीच भाषा येते. डॉक्टरांनी छाती तपासली, कार्डिओग्राम काढला, तो अगदी सरळ आला. मग त्यांनी माझ्याकडे न बघता ह्यांना सांगितलं, "कुछ नहीं है. घर और दुकान, दुकान और घर, बोअर हो गई है. कहीं घुमाके लाओ." मला टॉनिक दिलं आणि झोपेची एक बारीक गोळी.

*

त्या दिवसापासून घरात माझ्या दुखण्याचं नाव पडलं, कंटाळा. प्राजूने भांडी घासायचं टाळलं की तिला बोलणी बसायची, 'तुला पण आईसारखा कंटाळा आला का?' हे जेवताना एकदा म्हणाले, तुला दुकानात कंटाळा येतो, मग मला काय कारखान्यात मजा येते? वाईट मनाने नाही म्हणाले. आमच्याकडे अशीच चेष्टा चालते आणि एरवी मी त्याला सव्वा उत्तर दिलं असतं. पण उत्तर द्यायलाही छातीत वारं लागतं.

पुढे मी अंबरनाथला एका लॅबमध्ये परत कार्डिओग्राम काढला. नॉर्मल. माझं हृदय भारी बेरकी. डॉक्टरच्या दारापर्यंत धिंगाणा घालायचं आणि टेबलावर आडवं केलं की शहाण्या पोरासारखं हाताची घडी घालून बसायचं. तो नॉर्मल कागद हातात घेऊन घरी यायला मला लाज वाटायची. कागद चांगला आला म्हणून घरात सगळे खूश आणि मी एकटी रडवेली. औषध नको, आराम नको, एवढंच हवं होतं की ह्यांनी एकदा म्हणावं, तू म्हणतेस तर असेल काहीतरी.

सासूबाईंना शब्द बरोबर कळला होता, तो त्यांचाच शब्द. पण त्याचाही उपयोग झाला नाही. त्या म्हणाल्या, "आमी पन शेतान कंटालायचो. पन कोनाला सांगनार? काम कोन करनार?"

 त्यांनी जन्मभर जे मुकाट्याने काढलं, ते मी दुखणं म्हणून सांगत होते.

*

डॉक्टरांनी फिरवून आणा म्हटलं होतं, म्हणून ह्यांनी खरंच सुट्टी टाकली. कारखान्यात सुट्टी मिळवायची म्हणजे दुसऱ्याची नाइट करून द्यावी लागते, ती त्यांनी केली होती. गावाजवळच्या टेकडीवर खंडोबा आहे, तिथे प्राजूला घेऊन तिघांनी जायचं ठरलं. लग्न झाल्यावर नवऱ्याने नवरीला उचलून तिथल्या पायऱ्या चढायच्या अशी आमच्यात रीत आहे. पायथ्याशी रिक्षा सोडल्यावर हे हसत म्हणाले, "आता उचलायला सांगू नकोस, वजन वाढलंय तुझं."

मी चढायला लागले. त्यांचा मान राखायचा म्हणून चढले. अर्ध्या वाटेत तो पिशवीतला मासा सुरू झाला आणि या वेळी थांबेना. कानात आवाज भरला. पुढच्या पायरीवर ठेवलेला पाय मला दिसत होता, पण तो माझा वाटत नव्हता. मी म्हटलं, मला बसू द्या. हे दोन पायऱ्या वर होते. वळून म्हणाले, इथपर्यंत आलीस, आता थोडंच राहिलंय. मग पुढचं मला आठवत नाही.

प्राजू सांगते, बाबांनी मला उचललं आणि धावत खाली आणलं. येणारे-जाणारे बघत होते. रीत वर चढायची आहे, आमची खाली उतरण्यात झाली.

*

बदलापूरच्या एका छोट्या हॉस्पिटलात कार्डिओग्राम निघाला तेव्हा हृदयाला शहाणपण आठवलं नव्हतं. पट्टी बाहेर येत होती आणि तरुण डॉक्टरीणबाई ती हातात धरून नुसती बघत होत्या. मग त्यांनी ह्यांना जवळ बोलावलं आणि पेनाने दाखवलं, हा ठोका, हा ठोका, मधलं अंतर बघा, कुठे कमी, कुठे जास्त. ताल सुटलाय, म्हणाल्या. हृदयाचे वरचे कप्पे आकसायचं सोडून नुसते थरथरताहेत, त्यामुळे अंगाला रक्त पुरत नाही. "ह्यांना खूप दमायला होत असणार. किती दिवसांपासून होतंय?"

 ह्यांनी ती पट्टी हातात घेतली आणि बघत राहिले.

मला रडू आलं. नर्सला वाटलं मी घाबरले, तिने पाठीवरून हात फिरवला. खरं सांगते, मला आनंद झाला होता. हृदयाचा आजार सापडला म्हणून आनंदाने रडणारी बाई तिने बघितली नसेल.

भीती नंतर आली. कप्पे थरथरतात तेव्हा आत रक्त साचतं, त्याची गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली तर अर्धं अंग जाऊ शकतं, म्हणून रक्त पातळ करायची गोळी रोज घ्यायची, चुकवायची नाही, असं त्यांनी समजावलं. त्यानंतर कितीतरी दिवस मी सकाळी उठले की आधी आरशात तोंड वाकडं झालंय का ते बघायची. दोन्ही हात वर करून बघायची. मग चहा.

*

आयसीयूत दिवस आणि रात्र सारखेच. पडदे, पांढरे दिवे आणि डोक्यामागे टीं टीं करणारं मशीन. त्यावरचा आकडा सारखा उड्या मारायचा. कितीही ठरवलं तरी मान तिकडे वळायचीच. शेजारच्या खाटेवर शहाडच्या एक आजी होत्या. त्यांचं मशीन एका दुपारी वाजायला लागलं, सगळे धावले, पडदा ओढला गेला. संध्याकाळी ती खाट धुऊन ठेवलेली होती. 

तिथे एक वॉर्डातली मावशी होती. सकाळी अंग पुसायला यायची. सलाइनच्या सुईमुळे हात वर होत नव्हता, केसांचा पार गुंता झालेला. तिने न सांगता कंगवा आणला आणि वेणी घालून दिली. घट्ट, शाळेतल्यासारखी. आजारपणात देव भेटतो म्हणतात ते मला माहीत नाही, मला ती वेणी भेटली.

गोळ्यांनी ताल येईना, म्हणून पुढे ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात छातीला विजेचा शॉक दिला. गुंगी देतात, कळत काही नाही. जागी झाले तर छाती शांत. इतकी शांत की मला क्षणभर वाटलं, बंदच पडलं की काय. घरी आल्यावर मी जिना चढले आणि वर पोचल्यावर मला धाप नव्हती. तशीच पुन्हा खाली गेले आणि परत वर आले. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, त्यांना वाटलं बाई भ्रमिष्ट झाली.

ते सुख पाऊस सुरू होईपर्यंत टिकलं. मग एका दुपारी कणीक मळताना ताल परत सुटला. परातीत हात तसेच ठेवून मी ओट्याला टेकले. आता काय होतंय हे मला माहीत होतं, पण माहीत असल्याने ते हलकं होत नाही.

*

या थकव्याबद्दल कोणी नीट सांगत नाही. डॉक्टर ठोक्यांबद्दल सांगतात, गुठळीबद्दल सांगतात. 'दमायला होईल' हे दारातून बाहेर पडताना सांगतात. म्हणून मी सांगते.

झोपून तो जात नाही. ठोके आवरायच्या गोळ्या अंगाला आणखी जड करतात, आणि त्या सोडायच्याही नसतात. ज्या दिवशी केस धुवायचे त्या दिवशी स्वयंपाक नाही. ज्या दिवशी पाहुणे यायचे त्याच्या आदल्या दिवशी काहीच नाही. अंघोळीला स्टूल घ्या, लाज धरू नका. भाजी बसून चिरा. बोलण्यानेही दम लागतो, तेव्हा भांडण उद्यावर टाका. माझी कितीतरी चांगली भांडणं अशी वाया गेली. आणि कोणी 'थोडा व्यायाम कर, मन रमव' म्हटलं तर त्याला तुमचा कागद दाखवा.

दुकानात परत गेले होते. शेठनी स्वतः काउंटरमागे उंच स्टूल आणून ठेवलं. म्हणाले, "बैठ जा, सुनीता. बस, कस्टमर आए तो उठ जाना." माणूस मनाने चांगला. पण कस्टमर येतच राहायचे आणि मी उठतच राहायची. एका नवरीला घागऱ्याचा घेर पसरून दाखवताना मी घागऱ्यावरच बसले. तिची आई किंचाळली. घागऱ्याला काही झालं नव्हतं. मी मात्र संध्याकाळी शेठना सांगितलं की उद्यापासून येत नाही. त्यांनी एकदाच 'सोच ले' म्हटलं. माझ्या जागी आलेली मुलगी हुशार आहे असं ऐकते. ऐकून बरं वाटत नाही.

*

घर माझ्याभोवती वाकलं. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्या ओट्यापाशी एका पायावर भार देऊन भाकऱ्या थापायला लागल्या. प्राजू कॉलेजातून आली की दप्तर टाकून भांड्यांना लागायची. आणि हे. त्या पट्टीनंतर ह्यांनी माझ्यावर कधी अविश्वास दाखवला नाही. उलट जरा हुं केलं की मनगट हातात घेऊन ठोके मोजायचे. पहिल्या पाळीवरून यायचे, केमिकलचा वास अंगाला तसाच, आणि तसेच भाजीला खाली उतरायचे. मला हवं होतं ते हेच. तरी मला ते बघवत नव्हतं.

दिवाळीच्या आधी एकदा ते असेच आले. कोथिंबिरीची जुडी ओट्यावर ठेवली आणि तिथेच पाठ करून उभे राहिले. मी विचारलं, काय झालं? वळले नाहीत. म्हणाले, "मला पण कंटाळा आला गं आता."

कुठला कंटाळा, डॉक्टरांच्या हिंदीतला की आपल्या गावचा, हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. आमचं गाव एकच, शब्दही एकच. दमले असतील किंवा विटले असतील, दोन्ही असेल. त्यांनी कोथिंबीर निवडायला घेतली आणि मी त्यांच्या पाठीकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, भात कापणीला आलंय, गावच्या शेतावर भावोजी एकटे पडलेत, तुम्ही आणि आई चार दिवस गावाला जाऊन या. ते नाही म्हणाले. मी भांडले. त्यासाठी सकाळपासून पडून राहून ताकद वाचवली होती. शेवटी गेले.

*

ते गेल्यावर दुसऱ्या दिवशी प्राजू कॉलेजात होती आणि मी भाजी आणायला खाली उतरले. मला कोणी सांगितलं नव्हतं. घरात भाजी नव्हती असंही नाही. मला बघायचं होतं जमतं का.

उतरले, मेथी घेतली, आणि वर येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर छातीतला ताल सुटला. मी तिथेच पायरीवर बसले. शेजारी कोणाच्या तरी चपलांचं रॅक, त्याला टेकले. डॉक्टरांनी सांगितलं होतं ते मनात घोकलं. छातीत दुखलं, चक्कर आली, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, तर थांबायचं नाही, गाडी करायची. यातलं काही नव्हतं. हात उचलून बघितले, उचलले गेले. नुसता ताल गेला होता आणि अंगातला सगळा जीव घेऊन गेला होता. मेथी पायाशी पडली होती आणि ती उचलून घेणं माझ्याच्याने होईना. वरची एक बाई खाली जाताना थांबली, काय हो, बऱ्या आहात ना? मी म्हटलं, जरा बसलेय. ती गेली.

मला रडू यायला लागलं होतं तेव्हा फोन वाजला. हेच होते.

मागे शेतातला गलका ऐकू येत होता. भावोजी कोणाला तरी हाका मारत होते. आणि ह्यांचा आवाज. तो आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता. वाऱ्यावर आलेला, मोकळा, किंचित धापा टाकणारा, पण माझ्यासारखा नाही, काम करून आलेल्या माणसासारखा. म्हणाले, आई बांधावर बसून सगळ्यांना शिव्या घालतेय, भात चांगलं आलंय, आणि मग, "तू कशी आहेस?"

तुम्ही असं करू नका. दुखत असेल तर दुखतंय म्हणा, घरच्यांना सांगा, लपवू नका, हेच सांगण्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. पण त्या पायरीवर मी फोन तोंडापासून जरा लांब धरला, श्वास आत घेतला आणि म्हटलं, "बरी आहे."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि लगेच भाताबद्दल पुढे सांगायला लागले.

आजारी आहे हे त्यांना पटवायला माझे कित्येक महिने गेले. बरी आहे हे दोन शब्दांत पटलं.